घर क्रमांक शून्य

राज्य करणं काय असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. मी केलंय. तीनशे बारा माणसांवर, सलग अकरा दिवस, आणि माझा शब्द अखेरचा होता. सिंहासन म्हणजे दुसरी 'ब'च्या वर्गातला पहिला बाक. त्यात माझे गुडघे असे अडकायचे की कुणीही समोर आलं तरी मला उठता येत नसे, आणि प्रजेचा समज झाला की सर फार शिष्ट आहेत. त्यानंतर लगेच आणखी सहा दिवस मी राज्य केलं, पण त्याची बढाई मी मारत नाही.

अठरा वर्षं झाली. त्या वर्षी नदी बाजारपेठेत शिरली आणि आमची शाळा टेकडीवर असल्यामुळे तिचं एका दिवसात 'तात्पुरते पूरग्रस्त निवारा केंद्र' झालं. मुख्याध्यापकांचं स्वतःचं घर पाण्यात होतं, गणिताचे सर आपल्याच गच्चीवर अडकले होते. उरलो मी, चित्रकलेचा शिक्षक. पण तहसीलदारांनी मला केंद्रप्रमुख नेमलं ते उरलो म्हणून नव्हे. केंद्राची नोंदवही पुढे जिल्ह्याला जायची होती आणि गावात सगळ्यात सुंदर अक्षर माझं होतं. बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या. इथल्या साप्ताहिकात मी थट्टेचं एक सदर लिहायचो, त्याचे संपादकसुद्धा दर आठवड्याला अक्षराचं कौतुक करायचे. मजकुराबद्दल त्यांनी कधी काही म्हटल्याचं आठवत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी रांग लागली. वहीत रकाने सहा होते. नाव, घर क्रमांक, घरात पाणी किती शिरलं, माणसं किती, सही अथवा अंगठा, आणि शेवटचा 'स्वगृही परतल्याचा दिनांक'. माझ्या शेजारी तलाठी निकम खुर्ची टाकून बसले होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांचं आयुष्यातलं तत्त्व एकच होतं, की रकाना कोरा राहता कामा नये. तो शेवटचा रकाना तूर्त कोरा ठेवावा लागणार, याचंसुद्धा त्यांना वाईट वाटत होतं.

रांगेत सगळ्यात शेवटी इराप्पा उभा होता.

इराप्पा छत्र्या दुरुस्त करायचा. पुराच्या वीस वर्षं आधी जत्रेतल्या पाळण्याबरोबर गावात आला, तापानं पडला, पाळणा पुढच्या जत्रेला गेला आणि हा राहिला. आमच्या घाटाच्या माथ्यावर दगडी ओवऱ्या आहेत. ओवरी म्हणजे तीन भिंती आणि एक छत, चौथ्या बाजूला नदी. त्यातल्या टोकाच्या ओवरीत त्याचं बिऱ्हाड. दरवर्षी पाणी चढायला लागलं की हा छत्र्यांचं गाठोडं खांद्यावर टाकून वर सरकायचा आणि एसटी स्टँडच्या बाकड्यावर जाऊन झोपायचा. वीस वर्षांत नदीनं त्याला एकदाही गाठलं नव्हतं. त्या वर्षी स्टँडच पाण्यात गेला, म्हणून तो आमच्याकडे आला.

"घर क्रमांक?" मी विचारलं.

"ओवरी," तो म्हणाला.

"नंबर विचारताहेत," भाऊसाहेब म्हणाले. "नंबर नाही तर घर नाही. घर नाही तर घरात पाणी कसं शिरणार?"

तेवढ्यात मगदूम अण्णा पुढे आले. अण्णांचं कापडाचं दुकान, आणि घाटाला लागूनच दुमजली घर. सगळ्यांच्या आधी त्यांनी नाव नोंदवलं होतं आणि दोन गाद्या काखेत धरून ते जागा शोधत फिरत होते. त्यांनी मला अगदी सौम्यपणे समजावलं, की हे केंद्र पुरामुळे बेघर झालेल्यांसाठी आहे, आणि हा तर पुराच्या आधीपासूनच बेघर आहे. पुरानं याचं नेलं काय? आज याला घेतलं तर उद्या स्टँडवरचे सगळे येतील, मग बायकामुलांनी झोपायचं कुठं? अण्णा वाईट माणूस नव्हता. तो हिशेबी माणूस होता आणि वर्गखोल्या आठच होत्या.

बाहेर पाऊस कोसळत होता. इराप्पाच्या लुंगीतून गळणारं पाणी वळणं घेत माझ्या बाकाखाली आलं होतं.

"अण्णा," इराप्पा म्हणाला, "तुमच्यात पाणी शिरतंय ते माझ्यातनंच जाऊन शिरतंय. पयलं माझ्याकडं येतंय, मग तुमच्याकडं."

आता मला एक खोडी सुचली. आमच्या गावचे घर क्रमांक घाटापासून सुरू होतात आणि मगदूमांचं घर एक नंबर. मी भाऊसाहेबांना विचारलं, एकाच्या आधी काय येतं?

भाऊसाहेबांनी विचार केला. "आधी काही येत नाही."

"तेच," मी म्हणालो आणि लिहून टाकलं. घर क्रमांक ०. पाणी, छतापर्यंत. माणसं, एक.

भाऊसाहेबांनी ओळीवरून बोट फिरवलं. शेवटचा सोडला तर एकही रकाना कोरा नव्हता. त्यांनी मान हलवली. अण्णाही हसले आणि गाद्या घेऊन गेले. त्याआधी नाव लिहिताना मी आडनाव विचारलं, तेव्हा मात्र इराप्पाला वेळ लागला. मग "माणगावे" म्हणाला, ते असं, की दुसऱ्याच कुणाचा तरी निरोप सांगतोय. इराप्पा सिद्राम माणगावे. मी ते नाव मुद्दाम वळणदार काढलं.

पुढचे कितीतरी दिवस मी त्या एका विनोदावर काढले. संध्याकाळी खिचडीच्या रांगेत मी अण्णांची आणि त्याची रीतसर ओळख करून दिली. हे तुमचे शेजारी, शून्य नंबरवाले. दुसऱ्या दिवशी अख्खं केंद्र त्याला शून्य नंबरवाले म्हणायला लागलं. मी तर त्याला अहोजाहो करून 'माणगावे' म्हणायला लागलो. पहिले दोन दिवस मी हाक मारली की तो मागे वळून बघायचा, कोण आलं म्हणून.

त्याला सातवीच्या वर्गात खिडकीखालचा कोपरा मिळाला. तिथं बसून तो छत्र्या दुरुस्त करायचा. आधी अण्णांच्या बायकोनं, म्हणजे मगदूम काकींनी, मोडकी छत्री दिली, मग सगळ्यांनीच दिल्या. इतकी माणसं आपलं घर सोडून पळाली होती, पण मोडकी छत्री विसरला असा एकही नव्हता. शिवाय पाण्याची खबर त्याच्याकडेच असायची. सरकारकडून पाण्याची पातळी फुटांत यायची आणि ती कुणाला कळायची नाही. इराप्पा सकाळी टेकडीच्या कडेला जाऊन घाटावरच्या देवळाकडे बघायचा आणि पायऱ्यांत सांगायचा. खांब दिसाय लागलं, उद्यापतोर दोन पायऱ्या उतरंल. आणि उतरायचं. भाऊसाहेबसुद्धा वर अहवाल पाठवण्याआधी त्याला विचारून घ्यायचे.

रोज संध्याकाळी तो माझ्या बाकापाशी येऊन उभा राहायचा. "मास्तर, माझी ओळ दावा."

त्याला वाचता येत नव्हतं. मी वही उघडून ओळ दाखवायचो. तो बोट कागदाला न लावता, वरच्या वर ओळीवरून न्यायचा.

"ह्यो गोल म्हंजे माझं घर?"

"तेच."

"बरा हाय. कोपरं न्हाईत, चिखल बसाचा न्हाई."

एकदा त्यानं विचारलं, की हे पुसतं का. मी म्हटलं, शाई पक्की आहे, सरकारी नोंद आहे, पुसायची बिशाद नाही कुणाची.

"म्हंजे पाणी उतारलं तरी ऱ्हातंय."

"राहतं."

त्या दिवशी त्यानं खिचडीसुद्धा उशिरा घेतली.

आठव्या दिवशी मी विनोदाचा कळस केला. मदतीच्या तेलाच्या डब्याचं झाकण कापून सरळ केलं, चित्रकलेच्या कपाटातला निळा रंग दिला आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं. इराप्पा सिद्राम माणगावे, खाली घर क्र. ०. संध्याकाळी पटांगणाकडच्या व्हरांड्यात समारंभ झाला. मगदूम अण्णांच्या हस्ते पाटी दिली, मी नगराध्यक्षांच्या आवाजात भाषण केलं. आठ दिवस खिचडी खाल्लेली माणसं किती हसू शकतात ते मी त्या दिवशी पाहिलं. मगदूम काकींच्या डोळ्यांतून पाणी आलं.

इराप्पा हसला नाही. रंग ओला होता म्हणून त्यानं पाटी दोन्ही तळव्यांमध्ये कडांनी धरली होती आणि वाळेपर्यंत तो तसाच व्हरांड्यात उभा राहिला. लोक जेवून आले तरी उभाच. मला आठवतं, मी जरा नाराज झालो होतो. इतका चांगला विनोद, आणि ज्याच्यासाठी केला त्यालाच कळला नाही.

दहाव्या दिवशी पाणी घाटाच्या पायऱ्यांपर्यंत उतरलं आणि तहसीलदारांचा निरोप आला. उद्या सकाळी केंद्र बंद. उद्यापासून घरोघर नुकसानीचे पंचनामे. मी सगळ्यांना पटांगणात बसवून आदेश वाचून दाखवला. प्रत्येकानं आपापल्या घरी हजर राहावं. पंचनाम्याच्या वेळी जो घरात सापडणार नाही त्याचं नाव यादीतून कमी होईल. पंचनामा होईपर्यंत कुणीही घर सोडू नये. बक्षीस समारंभाला जो आवाज मी लावायचो, त्याच आवाजात हे दोनदा वाचलं. मग वही उघडून शेवटचा रकाना भरायला बसलो. वही सकाळी शिपायाबरोबर जायची होती, तेव्हा लोक घरी जाण्याची वाट कोण बघतो? उद्याची तारीख घातली आणि सगळ्यांना स्वगृही पोचवून मोकळा झालो. अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत हललं नाही.

वही मिटली तेव्हा इराप्पा समोर होता. आज त्यानं ओळ दाखवा म्हटलं नाही.

"मास्तर, नदी थांबलीया."

"उतरलीय की."

"उतारली. वरनं बाराव्या पायरीला आली आन् थांबली. सकाळधरनं थितंच हाय. उतरताना नदी थांबत न्हाई. थांबली म्हंजे वर कायतरी हाय."

मग त्यानं विचारलं, की दोन दिवस इथंच व्हरांड्यात पडून राहिलं तर चालेल का. आत नको, व्हरांडा पुरे.

आता माझी परिस्थिती समजून घ्या. बायको भावाकडे गेलेली, मी दहा दिवसांत गरम पाण्यानं आंघोळ केली नव्हती, आणि खिचडीच्या वासानं मला शिसारी यायला लागली होती. एक जरी माणूस केंद्रात राहिला तरी केंद्र चालू धरलं जातं. मग किल्ली माझ्याकडे, पहारा माझ्याकडे, रोजचा अहवाल माझ्याकडे. आणि वहीत तर तो स्वगृही परतलेला होता. पक्क्या शाईत.

हे सगळं मी त्याला सांगितलं नाही. मी म्हणालो, "माणगावे, तुमचा पंचनामा आहे उद्या. भाऊसाहेब आले आणि शून्य नंबरला कुणीच दिसलं नाही तर?"

"नाव काढत्यात?"

"काढतात. ऐकलंत ना?"

"पाणी आलं तर?"

हे त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. गणिताचं उत्तर विचारावं तसं.

"घर असलेला माणूस पाण्याला भिऊन पळत नाही," मी म्हणालो. "अण्णांना विचारा हवं तर."

वास्तविक अण्णा दहा दिवसांपूर्वी दोन गाद्या घेऊन सगळ्या गावाच्या आधी पळाले होते. विनोद तोच होता. तो हसेल म्हणून मी थांबलो. त्यानं मान डोलावली. वर्गात एखाद्या मुलाला नियम समजला की तो डोलावतो तशी.

अकराव्या दिवशी सकाळी मी शाळेला कुलूप लावलं आणि घाटावरून घरी निघालो. अण्णांच्या घरातून चिखलाची घमेली बाहेर पडत होती. शेजारची ओवरी मात्र स्वच्छ होती. इराप्पा पहाटेच येऊन बसला असावा. फरशी खरवडून धुतलेली, आणि भिंतीतल्या खुंटीला छत्रीची तार तीन पदरी पिळून पाटी टांगलेली. तिच्या बरोबर खाली तो बसला होता. केस ओले करून विंचरलेले, गुडघे जुळवलेले, हात गुडघ्यांवर. फोटोला बसतात तसा.

"भाऊसाहेब कवा येत्यात?"

येतील दुपारपर्यंत, मी म्हटलं. बोलता बोलता माझी नजर पायऱ्यांवर गेली. पाणी वरून अकराव्या पायरीला होतं. काल बारावी होती. मी पाहिलं नाही असं मला म्हणता येणार नाही, कारण मी पाहिलेलं त्यानं पाहिलं. दोघंही त्यावर बोललो नाही. निघताना त्यानं मला एक किरकोळ काम सांगितलं, फार तर दोन मिनिटांचं. पण रंग आणि ब्रश वर शाळेत कुलपात होते. "उद्या करतो," मी म्हटलं. मग घरी गेलो, बंब पेटवला, पोटभर आंघोळ केली आणि झोपलो.

मला उठवलं ते लोकांच्या आवाजानं. दुपारचे साडेचार झाले होते. वरच्या धरणातून पुन्हा पाणी सोडलं होतं आणि खालची पेठ पुन्हा टेकडीकडे निघाली होती. मी धावत वर जाऊन कुलूप काढलं, बाकात बसलो आणि नवी वही उघडली.

बऱ्याच वेळानं मगदूम अण्णा आले. या खेपेला गाद्या नव्हत्या. काकींना आत पाठवून ते माझ्यासमोर उभे राहिले. छातीपर्यंत भिजलेले होते. त्यांनी जे सांगितलं ते असं.

भाऊसाहेबांनी पंचनामे पेठेच्या दुसऱ्या टोकापासून सुरू केले होते. अण्णांच्या घरी पोचायला त्यांना चार वाजले. घाटामागची गल्ली खोलगट आहे, तिथं पाणी मागून येतं, आणि ते घोट्यापर्यंत आलेलं होतं. भाऊसाहेबांनी उभ्या उभ्याच अण्णांची सही घेतली. शेजारी इराप्पा उठून उभा राहिला, हात पुसले. भाऊसाहेबांनी पिशवी बंद केली. त्यांच्याजवळची यादी नगरपालिकेतून उतरवून घेतलेली होती, ती एकापासून सुरू व्हायची. "तुमचं बघतो नंतर," असं म्हणून ते चपला हातात घेऊन गेले. त्यांनाही मुलंबाळं होती.

"मी त्याला म्हटलं, चल," अण्णा म्हणाले. "हिला पुढं काढलं आणि परत गेलो. पाणी गुडघ्याला. हा आपला पाटीखाली बसलेला. हात धरून ओढला, सर. दोनदा ओढला. दगडासारखा. म्हणतो, अण्णा, तुमचा झाला, तुमी जावा. माझा ऱ्हायलाय."

मी पेनाला टोपण लावलं.

"म्हटलं, अरे वेड्या, पाणी दिसत नाही का तुला? तर म्हणतो, दिसतंय की. तुमच्या आधी दिसतंय. पण मास्तरांनी सांगितलंय, घर असल्याला माणूस पळत न्हाई." अण्णांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "म्हणाला, तुमास्नी इचारा म्हणालेत. मला विचारायला सांगितलं होतं, सर?"

गुडघे बाकात अडकलेले होते. मी उठू शकलो नाही.

"मी तर पळतच होतो," अण्णा म्हणाले. "त्याच्यासमोरच."

होडी मागवली होती, पण गल्लीतल्या ओढीत ती नेता येईना. टेकडीच्या कडेवरून लोक बघत होते. मी गेलो नाही. पायऱ्यांत कसं मोजायचं ते मला आता येत होतं.

नव्या वहीत मी मगदूमांच्या वरची ओळ मोकळी ठेवली. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले, त्यांनी ती बघितली आणि विचारलं, ही कोरी का? मी म्हटलं, येईल. भाऊसाहेब रकान्यांकडे बघत राहिले. मग ते खुर्ची घेऊन लांब जाऊन बसले. सहा दिवस ती ओळ तशीच होती आणि सहा दिवस त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सातवीच्या वर्गात खिडकीखाली कुणी अंथरूण टाकलं नाही. तिथं तीन दुरुस्त छत्र्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, त्या कुणाच्या ते कुणी सांगितलं नाही.

पाणी उतरल्यावर मी चौकीत गेलो. हवालदार सज्जन होते. नातेवाईक कोण, त्यांनी विचारलं. कुणी नाही. मग तक्रार कुणाची? माझी, मी म्हटलं. त्यांनी जिल्ह्याहून परत आलेली पहिली वही मागवली, पान काढलं आणि माझ्याकडे वळवलं. "सर, हा तर सुखरूप घरी परतलाय. तुमचंच अक्षर आहे ना?"

माझंच होतं. लांबूनही ओळखू यावं असं.

जिल्ह्याच्या अहवालात आमच्या गावचे पूरबळी निरंक आहेत. नोंदवहीबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. नीटनेटकी आणि परिपूर्ण, असं त्यात म्हटलंय. ते शाळेच्या कचेरीत काचेत लावलेलं आहे, तुम्ही रोज बघत असाल.

तो सापडला नाही. पाटी सापडली. ओवरीत छातीभर गाळ होता आणि त्याच्या वर, खुंटीला, पाटी जागच्या जागी. तार जराही सैल झाली नव्हती. मगदूम अण्णांनी ती सोडवून आणली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले. अण्णा पुढे बारा वर्षं जगले. रस्त्यात भेटले की हवापाण्याचं बोलायचे. पाण्याचं कमी. इराप्पानं दुरुस्त केलेली छत्री शेवटपर्यंत वापरायचे, आणि माझ्यासमोर आले की मिटायचे, पाऊस असला तरी.

त्यानंतर मी पाटी रंगवलेली नाही. सदर चालू ठेवलं, कारण संपादकांना अक्षर हवं होतं. पण गमतीचं एखादं वाक्य जमून आलं की मागून कुणीतरी विचारतं, पाणी आलं तर? रागावून नाही. उत्तर माहीत असेल म्हणून विचारतं. मी पेन खाली ठेवतो आणि मागे वळून बघतो, कोण आलं म्हणून.

शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी 'पुराच्या दिवसांतली एखादी गंमत' लिहून द्यावी, असं तुमच्या चिठ्ठीत म्हटलंय. ती वर दिली आहे. लांबली असेल तर हवी तिथे कापा.

त्यानं सांगितलेलं किरकोळ काम तेवढं सांगायचं राहिलं. त्या सकाळी मी निघालो, तेव्हा तो उठून अण्णांच्या दाराकडे बोट दाखवून म्हणाला होता, "मास्तर, अण्णांच्या पाटीवर नावाच्या आदी एक अक्षर हाय. माझ्यात न्हाई. जागा हाय बघा." अण्णांची पाटीही माझ्याच हातची. त्यावर 'श्री' होतं. आणि जागा खरंच होती. डावीकडे मी समास जरा जास्तच सोडला होता.

पाटी माझ्या टेबलाच्या खणात आहे. ब्रश अजून बरा आहे, रंग वाळून गेला, आणि हल्ली गुडघ्यांमुळे मला बाजारापर्यंत जाववत नाही. अंक द्यायला कुणी येणार असेल, तर येताना पांढऱ्या ऑइलपेंटची डबी आणावी. सगळ्यात लहान. एकच अक्षर आहे.